नवरा जेलमध्ये आहे, आता पुढे काय करायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. "दोन दिवसात जामीन होतोय वहिनी, टेन्शन घेऊ नका" असं जो कुणी म्हणेल, मग तो वकील असो, दीर असो नाहीतर गल्लीतल्या नगरसेवकाचा माणूस असो, त्याच्या शब्दावर घराचं गणित मांडू नका. होईलही जामीन, झाला तर पेढे वाटा. पण घरखर्च, शाळेची फी, हप्ते, भाडं हे सगळं वर्षभर माणूस घरी नाही असं धरूनच लावायचं. घाबरवायला सांगत नाहीये, देशभरच्या जेलांचा एनसीआरबीचा (केंद्र सरकारचा गुन्ह्यांचे आकडे ठेवणारा विभाग) २०२२ चा आकडा बघा, ५,७३,२२० माणसं आत आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे केस अजून संपलेलीच नाही अशी. चारातली तीन माणसं. आपला माणूस त्यातलाच एक आणि बाहेर आपल्यासारख्या लाखो बाया, फक्त कुणी कुणाला सांगत नाही.

आमचे हे आत होते तेव्हा मला जे कळत गेलं आणि नंतर मुलाखतीच्या, म्हणजे जेलमधल्या भेटीच्या, लायनीतल्या बायकांकडून जे शिकले ते लिहितेय. महाराष्ट्रातलं लिहितेय, बाकी राज्यात नियम थोडे वेगळे असतात. आणि नवऱ्यासाठी लिहिलंय म्हणून बायको आत असलेल्या पुरुषांनी पान उलटू नये, तुम्हालाही हेच सगळं लागतं.

पहिले काही दिवस

एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधल्या नोट्स नको, वहीच, कारण कोर्टात आणि जेलच्या दारात मोबाइल बाहेर ठेवायला लागतो आणि नेमका तेव्हाच नंबर विचारतात. वहीच्या पहिल्या पानावर पोलीस स्टेशनचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, लावलेली कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव नि नंबर, कोर्ट कोणतं, आणि पहिल्यांदा कोर्टात हजर केलं ती तारीख. ही शेवटची तारीख सोन्यासारखी जपा, का ते पुढे सांगते.

अटक केल्यावर २४ तासात मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून) आणि घरच्यांना कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. एफआयआरची कॉपी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर मिळते, काही संवेदनशील गुन्हे सोडले तर. नाही मिळाली तर वकिलामार्फत कोर्टातून काढा, कुणाला पैसे देऊन नको.

कोर्टात दोन शब्द सारखे कानावर पडतील, पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस पोलीस स्टेशनच्या लॉकअपमध्ये, तपास चालू. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, रवानगी जेलमध्ये. जनरली एमसीआर झाला की जामिनाचा अर्ज टाकतात. पण १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी हा फौजदारी कामकाजाचा जुना कायदा जाऊन बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय आणि त्यात १५ दिवसांचा पीसीआर एकदम न घेता तुकड्यातुकड्याने घेता येतो, त्यामुळे एमसीआर झालेला माणूस परत पीसीआरला नेला तर हाय खाऊ नका, असं होतं.

ह्यांना बीपीची गोळी चालू होती. अशी काही गोळी, इन्सुलिन, दम्याचा पंप असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन वकिलाला सांगा की रिमांडच्या वेळी (कोठडी मागायला कोर्टात उभं करतात तेव्हा) कोर्टापुढे तोंडी नाही, लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, कोर्टाच्या कागदावर आलं की मग लॉकअपवालेही देतात आणि पुढे जेलच्या दवाखान्यातही नोंद होते.

मोबाइलचं एक लक्षात येत नाही कुणाच्या. नवऱ्याचा फोन पोलीस जप्त करतात, तो मुद्देमाल होतो आणि त्याच्याबरोबर सिमपण गेलं. म्हणजे बँकेचा ओटीपी गेला, आधारचा ओटीपी गेला, गॅसचं बुकिंग, लाइट बिल, पोरांच्या शाळेचा ग्रुप सगळं त्या नंबरवर. ज्या ज्या ठिकाणी त्यांचा नंबर आहे तिथे शक्य तिथे तुमचा नंबर लावून घ्या, शाळा आणि गॅस आधी. तुमच्या एकटीच्या नावाचं बँक खातं नसेल तर त्याच आठवड्यात उघडा. खातं फ्रीज केलं असेल तर बँक मॅनेजरशी भांडून उपयोग नाही, त्यासाठी कोर्टातच अर्ज लागतो. आणि त्यांच्या नावावरच्या गाडीचं, दुकानाचं, पॉलिसीचं काम अडलं तर मुखत्यारपत्र करता येतं, कोर्टाची परवानगी काढून जेलमध्ये त्यांची सही घेतात आणि जेलचे अधिकारी ती साक्षांकित करतात. वेळ लागतो, म्हणून लवकर सुरू करा.

वकील आणि पैसे

घरं बुडतात ती इथे. केसमुळे नाही बुडत, घाईत बुडतात. अटकेच्या पहिल्या चार दिवसात बायका मंगळसूत्र मोडतात, कुणी पाच टक्के महिन्याने सावकाराकडून उचलतं, कुणी वावर लिहून देतं, आणि तीन महिन्यांनी खरा खर्च सुरू होतो तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. सोनं मोडू नका, लागलंच तर बँकेत तारण ठेवा. जमिनीच्या कागदावर या काळात सही करूच नका, सख्खा दीर म्हणाला तरी थोडे दिवस थांबा म्हणा.

वकील ठरवताना फी टप्प्याटप्प्याने विचारा, जामीन अर्जाचे किती, सेशनला गेलं तर किती, हायकोर्टात किती, आणि पावती मागा. मागायला लाज वाटते माहितीये, तरी मागा. दिलेल्या प्रत्येक अर्जाची आणि कोर्टाच्या प्रत्येक ऑर्डरची झेरॉक्स तुमच्या फाइलमध्ये हवी. वकील बदलायची वेळ आली की ही फाइलच कामाला येते. केसचा सीएनआर नंबर मिळाला (कोर्टाने केसला दिलेला नंबर, १६ अक्षरी-अंकी असतो) की ई-कोर्ट्सचं ॲप मोबाइलवर टाका, त्यात पुढची तारीख नि काय झालं ते स्वतः बघता येतं, मग "ताई साहेब सुट्टीवर होते" हे खरं की खोटं तेही कळतं.

पैसे नसतील तर सरकारकडून वकील फुकट मिळतो आणि हे भीक नाही, कायदा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, आणि बाई म्हणून तुम्हाला तुमच्या स्वतःच्या कामासाठीही (खावटी, घराचा वाद, काहीही) उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका समिती. हेल्पलाइन १५१००. बऱ्याच जिल्ह्यात आता लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणून फक्त फौजदारी केसेस बघणारे पूर्णवेळ वकील नेमलेत. फुकटातला वकील काय कामाचा असं सगळे म्हणतात, पण माझं मत विचाराल तर फी घेऊन तारखेला न येणाऱ्यापेक्षा रोज त्याच कोर्टात उभा असणारा बरा. वकीलपत्रावर आतल्या माणसाची सही जेल ऑफिसमार्फत होते, वकिलालाच करून आणू द्या.

आता ती जपून ठेवलेली तारीख. पोलिसांनी ठराविक दिवसात चार्जशीट म्हणजे आरोपपत्र टाकलं नाही तर जामीन हा हक्क होतो. दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्याला ९० दिवस, बाकीच्यांना ६०. मकोका (संघटित गुन्हेगारी), युएपीए (दहशतवाद वगैरे) आणि एनडीपीएसच्या (ड्रग्जच्या) मोठ्या केसेसमध्ये हे १८० पर्यंत जातं. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडच्या तारखेपासून. पण मेख अशी की अर्ज तुम्हाला करावा लागतो आणि तो मुदत संपल्यावर पण चार्जशीट यायच्या आधी करावा लागतो, एकदा चार्जशीट पडली की हा हक्क गेला. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडाभर आधीच्या तारखेला लाल पेनाने गोल करा आणि त्या दिवशी वकिलाला फोन करा.

दुसरं एक कलम, बीएनएसएसचं ४७९. गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या अर्धा काळ कच्च्या कैदेत गेला तर जामिनावर सोडायचं, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश. फाशी नि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी अडतं. याचा अर्ज खरंतर जेल अधीक्षकांनीच कोर्टाला करायचा असतो, पण आठवण करून द्यायला काय जातंय, एक अर्ज लिहा आणि पोच घ्या.

मुलाखत

जेलमध्ये भेटायला जायचं त्याला मुलाखत म्हणतात. आमच्या शेजारच्या काकूंना वाटलं ह्यांना आत नोकरीच लागली की काय, असो. येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, कळंबा, नाशिकरोड, हर्सूल, अमरावती, नागपूर ही मोठी मध्यवर्ती कारागृहं, बाकी जिल्हा कारागृहं. राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर ई-मुलाकात म्हणून सोय आहे तिथून आधी नोंदणी करता येते, राज्य, जेल, कैद्याचं नाव आणि तुमची माहिती टाकायची, मग मंजूर झालं की मेसेज येतो. तिथूनच व्हिडिओवरची भेटही मागता येते, गावाकडे राहणाऱ्या सासू सासऱ्यांसाठी ही फार चांगली, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना एसटीने हेलपाटे. शिक्षा झालेल्या कैद्याला मुलाखती कच्च्या कैद्यापेक्षा कमी मिळतात. वार आणि वेळ जेलच्या बाहेर बोर्डावर असतो, पहिल्या दिवशी तो बोर्ड वहीत उतरवून घ्या.

ओरिजिनल आधार न्या, झेरॉक्सही न्या. नातं दाखवायला काहीतरी हवं, रेशनकार्ड किंवा आधारवर नवऱ्याचं नाव. आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर मॅरेज सर्टिफिकेट. सकाळी लवकर जा, घरून खाऊन जा, पाण्याची बाटली ठेवा, आणि मोबाइल नि पर्स घरी ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर बाहेरच्या टपरीवाल्याकडे दहावीस रुपये देऊन ठेवावा लागतो.

पहिल्या मुलाखतीचं सांगते. मधे काच असते, दोन्हीकडे इंटरकॉमचा फोन, त्याची वायर सेलोटेपने गुंडाळलेली, आवाज मधेच जातो, शेजारच्या खिडकीतली बाई रडतेय, तिच्या पलीकडची शेळीच्या व्यवहाराचं ओरडून सांगतेय, आणि आपण इतके दिवस साठवलेलं सगळं विसरतो. वेळ संपली की फोन आपोआप बंद. म्हणून चिठ्ठीवर चार मुद्दे लिहून न्या. आधी तब्येत, मग घरचं एक चांगलं काहीतरी, मग कामाचं (सही कुठे हवी, पैसे मिळाले का, तारीख कधी), आणि शेवटी त्यांना बोलू द्या. केसबद्दल, कुणी काय जबाब दिला, पैसे कुणाकडे आहेत, असलं काही त्या फोनवर बोलायचं नाही. साक्षीदाराला निरोप द्या वगैरे तर अजिबात नाही, त्याने जामीन अडतो. केसचं बोलणं वकिलाशी.

रडू आलं तर येऊ दे. पण घरचा प्रत्येक प्रॉब्लेम तिथे ओतू नका, आत गेल्यावर त्या माणसाला बराकीत बसून त्यावर काहीच करता येत नाही नुसता तळमळतो. उलट तो म्हणेल ते सगळं करायलाच हवं असंही नाही. "अमक्याला जाऊन भेट, तमक्याकडून लाखभर आण" अशा याद्या येतात आतून, कारण आत बराकीत प्रत्येक जण दुसऱ्याचा वकील असतो. ऐकून घ्या, हो म्हणा, आणि बाहेर येऊन जे शहाणपणाचं वाटेल तेच करा.

घरचा डबा चालत नाही. कपडे किती नि कुठले चालतात ते गेटवर विचारून मगच आणा. पैसे द्यायचे तर त्यांच्या जेलच्या खात्यावर, मनी ऑर्डरने किंवा जेल सांगेल त्या अधिकृत मार्गाने, त्यातून ते आतल्या कँटीनमधून साबण, बिस्किट, फरसाण घेतात. महिन्याला मर्यादा असते. आत फोनचीही सोय असते, घरच्यांचे नंबर पडताळून मग ठराविक मिनिटं बोलता येतं, तर तुमचा नंबर त्यांना लवकर नोंदवायला सांगा. पत्रं लिहा, खरंच लिहा. वाचून मगच आत जातात पण जातात, आणि काचेआडून पाच मिनिटात जे बोलता येत नाही ते कागदावर येतं.

तारखेला कोर्टात भेट होईल या आशेने नुसतं जाऊ नका, हल्ली बऱ्याचदा व्हीसीवर (व्हिडिओवरून) हजर करतात, नाहीतर पोलीस गार्ड मिळाली नाही म्हणून आणतच नाहीत. वकिलाकडून आदल्या दिवशी विचारा.

फोन आला की सावध. "जेलमधून बोलतोय, तुमच्या मिस्टरांना मारहाण झालीय, दवाखान्यात न्यायचंय, या नंबरवर पाच हजार टाका." हा फोन घाबरलेल्या बायकांना हमखास येतो. पैसे टाकू नका, जेलच्या ऑफिसला फोन करा, वकिलाला सांगा. तसंच "आत माझी ओळख आहे, चांगली बराक मिळवून देतो" म्हणणारा. अशा एकाला आमच्या लायनीतली एक पोरगी दर महिन्याला पैसे देत होती, तिचा नवरा होता तिथेच होता.

पोरांना काय सांगायचं

बाबा दुबईला गेलेत, हे चालत नाही. शाळेतलं दुसरं पोर येऊन सांगतंच, आणि मग पोराला दोन धक्के, एक बाबाचा आणि एक आईने खोटं सांगितलं याचा. वयाप्रमाणे सांगा. लहान असेल तर "बाबांवर एक आरोप आहे, खरं काय ते कोर्ट ठरवणार आहे, तोपर्यंत त्यांना तिथे राहावं लागतंय, तुझ्यामुळे काही झालेलं नाही" इतकं पुरे. हे शेवटचं वाक्य सोडू नका, पोरं मनात धरतात की मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. मोठ्या पोराला केस काय आहे ते थोडक्यात सांगा, त्याने गुगल केलेलंच असतं. वर्गशिक्षिकेला एकटं गाठून सांगा, बहुतेक बाई समजून घेतात.

महाराष्ट्रातल्या जेलांमध्ये गळाभेट म्हणून कार्यक्रम घेतात, त्यात लहान पोरांना काचेशिवाय, मांडीवर बसून बापाला भेटता येतं. कधी आहे ते जेलमध्ये विचारत राहा, शिक्षा झालेल्यांच्या मुलांसाठी जास्त असतो. पोराला मुलाखतीला न्यायचं की नाही यावर मला विचाराल तर एकदा तरी न्या, न बघितलेलं जेल पोराच्या डोक्यात खऱ्या जेलपेक्षा भयंकर असतं. पण नाही म्हणालं तर ओढून नेऊ नका.

सरकारी मदत, जी कुणी स्वतःहून सांगत नाही

बालसंगोपन योजना. पालक जेलमध्ये असलेल्या मुलांनाही यात घेतात, २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये एका मुलाला. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, पुढे बाल कल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. एफआयआर किंवा जेलचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, पासबुक लागतं. हेलपाटे होतात, सोडू नका.

नवऱ्याला शिक्षा लागली असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. त्यात "तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी" असा स्पष्ट उल्लेख आहे, महिन्याला १,५०० रुपये, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं, जे वाचून हसावं की रडावं कळत नाही. अर्ज तहसील ऑफिसला, तलाठ्याकडून सुरुवात करा. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही एकदम मिळत नाहीत. आणि लाडकी बहीणच्या ई-केवायसीला नवऱ्याच्या आधारचा ओटीपी मागतात, फोन तर पोलिसांकडे, तेव्हा अंगणवाडी ताईंना किंवा महिला बाल विकासच्या ऑफिसला अटकेचा कागद दाखवून लेखी अर्ज द्या.

नवरा राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की आपोआप निलंबन धरतात. नोकरी गेली असं नव्हे ते. निलंबनात साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, ऑफिसच्या आस्थापना शाखेत जाऊन तो मागा, कुणी घरी आणून देणार नाही.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रयास म्हणून प्रकल्प आहे, १९९० पासून जेलमधल्या लोकांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतात, मुंबई ठाण्याकडच्या बायकांनी त्यांचे सोशल वर्कर जेलमध्ये येतात का ते नक्की विचारावं.

लोक, सासर, आणि आपण

पायगुणाचं ऐकायला लागतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी पायगुण आत्ता आठवतो लोकांना. सासूबाई बोलल्या तर एक ध्यानात ठेवा की त्यांचाही मुलगा आत आहे, भांडणात जिंकून काही मिळत नाही. पण घर सोडून जा म्हणाले तर लगेच बॅग भरू नका. तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क आहे, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तो आहे, अशा वेळी १८१ ला फोन करा किंवा मघाशी सांगितलेल्या विधी सेवावाल्यांकडे जा. माहेरी जायचं असेल तर स्वतःच्या सोयीने जा, कागदपत्रं, पोरांचे दाखले नि स्वतःचं सोनं घेऊन.

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. एक वाक्य ठरवून ठेवा, "केस कोर्टात आहे, वकिलांनी बोलू नका सांगितलंय." एवढंच. हळदीकुंकवाला बोलवायचं बंद होतं काही घरातून, होऊ दे. दोन माणसं पकडा ज्यांच्याकडे रडता येईल, आणि त्यातलं एक तरी लायनीतलं असू दे. मुलाखतीच्या लायनीत भेटलेल्या बायका हा माझ्या मते सगळ्यात मोठा आधार आहे, कुठला क्लार्क कधी जेवायला जातो इथपासून ते दिवाळीच्या दिवशी काय करायचं इथपर्यंत त्यांना सगळं माहीत असतं, आणि त्यांच्यासमोर खोटं हसावं लागत नाही. नंबर घ्या, एकमेकींच्या पोरांना सांभाळा, एकत्र रिक्षा करा.

काम शोधा. घरात बसलात तर दिवसभर फोनकडे बघत बसाल. मी सकाळी पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागले, पैसे थोडेच होते पण पहाटे उठायला कारण मिळालं.

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोरांवर उगाच हात उठतो, जीव नकोसा वाटतो, असं झालं तर टेलिमानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. सरकारी दवाखान्यातही मानसोपचार ओपीडी असते.

अजून एक, ज्यावर कुणी बोलत नाही. काही बायकांना नवरा आत गेल्यावर बरं वाटतं. रात्री दारू पिऊन येणारं कुणी नाही, मार नाही, पैसे हातात राहतात. बरं वाटलं म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. तुम्ही त्याला भेटायला गेलंच पाहिजे, त्याच्या जामिनासाठी धावलंच पाहिजे असा कुठलाच कायदा नाही. वेगळं व्हायचं असेल तर हिंदू विवाह कायद्यात नुसती कैद हे घटस्फोटाचं कारण नाही, तिथे क्रूरता वगैरे कारणं लागतात. स्पेशल मॅरेज ॲक्टने लग्न असेल तर नवरा सात वर्षं किंवा जास्त शिक्षा भोगत असला तर कारण होतं, आणि मुस्लिम विवाह विच्छेदाच्या १९३९ च्या कायद्याप्रमाणे मुस्लिम बाईला नवऱ्याची सात वर्षं किंवा जास्तीची शिक्षा कायम झाली की घटस्फोट मागता येतो. ही वकिलाशी बसून बोलायची गोष्ट, नवऱ्याच्या वकिलाशी नाही, तुमच्या वेगळ्या वकिलाशी.

जामीन झाला, तरी माणूस आतच

हे फार होतं. ऑर्डर झाली, पेढे वाटले, आणि जामीनदारच नाही. कोर्टाला जामीनदार हवा असतो त्याचं आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि ऐपत दाखवणारं काहीतरी, पगाराची स्लिप, सातबारा, घरपट्टीची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. म्हणून अर्ज टाकल्या दिवसापासूनच जामीनदार शोधायला लागा, दोन माणसं तयार ठेवा कारण एक ऐनवेळी बायको नाही म्हणते म्हणून मागे फिरतोच. कोर्टाच्या आवारात भाड्याचा जामीनदार मिळवून देणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, कागद खोटे निघाले तर नवी केस. तोवर कॅश बेलवर म्हणजे रोख रक्कम भरून सोडा आणि जामीनदार द्यायला काही आठवडे द्या असा अर्ज वकिलाला करायला सांगा, बरीच कोर्टं देतात.

सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर सूचना दिल्यात. ऑर्डरची कॉपी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलमध्ये जायला हवी, सात दिवसात सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, २०२३ ला सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत. एनडीपीएस, युएपीए, पीएमएलए (मनी लाँड्रिंग), भ्रष्टाचाराच्या केसेस त्यात नाहीत. सुटकेचा कागद जेलला संध्याकाळच्या ठराविक वेळेआधी पोचला नाही तर अजून एक रात्र जाते, तेव्हा त्या दिवशी वकिलाच्या ज्युनियरच्या मागेच राहा.

शिक्षा लागली तर अपील लगेच, विधी सेवेतून तेही फुकट होतं. शिक्षा झालेल्याला संचित रजा म्हणजे फर्लो आणि अडीअडचणीला अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळू शकते, पोलीस चौकशीला तुमच्या घरी येतात, तेव्हा घरी सापडा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. राज्य सहकारी बँकेची जिव्हाळा म्हणून कर्ज योजना येरवड्यातून १ मे २०२२ ला सुरू झाली, आतल्या कामाच्या मजुरीवर कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, घरच्यांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी. ह्यांना आत विचारायला सांगा.

आणि सुटून घरी आले की पहिले काही आठवडे पाहुण्यांची रांग लावू नका. माणूस पहाटेच उठून बसतो, दार लावलं तर घाबरतो नाहीतर उघडं राहिलं तर घाबरतो, ताटातलं भराभर संपवतो. घराचे व्यवहार इतके दिवस तुम्ही केलेत, ते सगळे लगेच परत त्यांच्या हातात द्यायचे की नाही हे आधीच ठरवा, मी तरी बँकेचं माझ्याकडेच ठेवलंय. जामिनाच्या अटी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, पोलीस स्टेशनला हजेरी कोणत्या वारी, जिल्हा सोडायचा नाही का, पासपोर्ट जमा करायचा का, फिर्यादीच्या गल्लीत जायचं नाही का. हजेरी लावली की तिथल्या रजिस्टरवर सही केली ना ते विचारा आणि तारीख तुमच्या त्याच वहीत लिहा. एक हजेरी चुकली तरी समोरचा वकील जामीन रद्द करायचा अर्ज टाकू शकतो. आजारी असतील तर डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच दिवशी पोलीस स्टेशनला नेऊन द्या, पोच घ्या, आणि वकिलाला व्हॉट्सॲप करा.